डिक्कीतलं पाणी

पाणी मला आधी ऐकू आलं, दिसलं नंतर. तलमडुगूच्या रस्त्यावर एक बकरी आडवी आली म्हणून मी ब्रेक दाबला, तर मागून 'चुबुक' असा आवाज झाला. बकरी गेली. मी गाडी थोडी पुढे घेतली आणि मुद्दाम पुन्हा ब्रेक दाबला. पुन्हा चुबुक. मी आरशात पाहिलं. मागच्या सीटवर बांगड्यांचे डबे होते आणि ते मुकाट बसले होते.

आदिलाबादेत माझं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, रिबिनी, पावडरी, आणि श्रावण लागला की राख्या. आसपासच्या खेड्यांतल्या लहान दुकानदारांना मी माल पोचवतो, त्यासाठी ही लांब डिक्कीची गाडी. घेतली तेव्हाच ती वापरलेली होती. राज्य बदललं, नव्या गाड्यांच्या पाट्यांवरची अक्षरं दोनदा बदलली, माझ्या गाडीवर अजून जुन्याच राज्याची अक्षरं आहेत. मला ती बदलावीशी वाटली नाहीत.

रस्त्याच्या कडेला थांबून डिक्की उघडली. वरचे खोके कोरडे, खालचे भिजलेले. चटई उचलली. तिच्याखाली स्टेपनी ठेवायचा गोल खड्डा असतो. त्या खड्ड्यात स्टेपनी म्हशीसारखी निवांत बसली होती, अर्धी पाण्यात. खालच्या खोक्यांत राख्या होत्या. लाल रेशमाचा रंग सुटून पांढऱ्या मोत्यांवर चढला होता आणि पुठ्ठे हातात घेताच मऊ पडत होते. त्या दिवशी मी तलमडुगूला न जाताच परत आलो आणि ओल्या राख्या घरभर दोरीवर वाळत घातल्या.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. माझं तोंड कधी फारसं पोळलेलं नाही, तरी मी सगळंच फुंकून पितो. शेजाऱ्याने आपणहून नमस्कार केला की याला काय हवं असेल, असं मला वाटतं. बायको म्हणते, देव समोर उभा राहिला तर तुमी त्याले आधार कार्ड मागाल. त्यामुळे डिक्कीत पाणी दिसल्यावर ते कुठून आलं, हा प्रश्न मला पडलाच नाही. कोणी घातलं, हा पडला.

पहिला संशय समोरच्या घरावर. ते रोज सकाळी पाइप धरून अंगण धुतात, आणि पाइपाचं तोंड आमच्या फाटकाकडे असतं. दुसरा, रविवारी गाडी धुणाऱ्यावर. पाण्यात बोट बुडवून मी वास घेतला. साबणाचा नव्हता. मग मला एक युक्ती सुचली. दुकानातलं बारीक टिकल्यांचं एक पाकीट आणलं आणि डिक्कीच्या झाकणाच्या फटीवर, निम्मी झाकणावर निम्मी खालच्या पत्र्यावर, अशा सात टिकल्या चिकटवल्या. कोणी डिक्की उघडली तर टिकली सुटणारच. बायकोने सकाळी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुंकू राह्यलं का लावाचं?"

रात्रभर पाऊस झाला होता. सातही टिकल्या जागच्या जागी होत्या आणि डिक्कीत पुन्हा तांब्याभर पाणी होतं. म्हणजे झाकण कोणी उघडलं नव्हतं. पाणी आपल्या वाटेने येत होतं. दुसरा कोणी असता तर त्याचा संशय इथे संपला असता. माझा इथे बूड टेकून बसला. कारण आता प्रश्न असा होता, की ही वाट कोणी करून दिली.

गुडीहत्नूरला हायवेवर एक मिस्त्री आहे. मी गाडी त्याच्याकडे नेली. त्याने डिक्कीचं रबर चाचपलं, मागच्या दोन्ही लाइटांवर बोट फिरवलं आणि उजव्या लाइटापाशी थांबला.

"सेठ, गाडी किसकू दिये थे क्या?"

"काऊन?" मी मराठीतच विचारून गेलो.

"ये लाइट खोले सो है. स्क्रू पे निशान देखो, ताजा है. पीछे से थोडी लगी होंगी. बोले नै होंगे."

बोले नै होंगे. हे तीन शब्द माझ्या डोक्यात असे बसले की पुढचं त्याचं काही मला ऐकूच आलं नाही. त्याने लाइटाखालची रबरी गादी बदलून दिली, पाणी थांबेल म्हणाला. मी मात्र हिशेब जुळवत होतो. या वर्षात गाडी मी एकाच माणसाला दिली होती. उन्हाळ्यात, आठ दिवस, माझ्या मेहुण्याला.

मेहुणा निर्मलला असतो. बोअरचे पंप दुरुस्त करतो. त्याच्या बायकोचं डोळ्याचं ऑपरेशन होतं, दवाखान्याच्या चकरा होत्या, उन्हात बसने नेणं बरं नव्हतं म्हणून त्याने गाडी मागितली. देऊ नये असं मला वाटत होतं. वाटलं तरी दिली, कारण बायको उंबऱ्यात उभी होती. तिचे आई-वडील गेले. माहेर म्हणून तिला उरला तो हा एक भाऊ, तिच्याहून धाकटा. दर राखीला तो सकाळच्या पहिल्या बसने येतो, हात पुढे करतो, ती बांधते, मग दोघं बहीणभाऊ स्वयंपाकघरात बसून लहानपणीच्या त्याच त्या गोष्टींवर हसतात. त्या दिवशी मला घरात कोणी विचारत नाही. त्याचंही मला थोडं वाईट वाटतच असावं.

गुडीहत्नूरहून परतल्यावर चहा घ्यायच्याही आधी मी त्याला फोन लावला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

म्हणालो, "गाडी मागून ठोकली होती, त सांगाचं होतं. मी काही फाशी देत नवतो."

पलीकडे पंपाचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"कोणती गाडी, भाऊजी?"

"माही. दुसरी कोणती? लाइट उघडला हाय तुवा. मिस्त्रीनं दाखवलं मले. राख्या भिजल्या समद्या."

 तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवून दिला. त्याने नाही म्हटलं नाही, हे मी पुराव्यात धरलं. चोराच्या मनात चांदणं, असं मी मोठ्याने म्हणालोसुद्धा. मागे वळलो तर बायको दोरीवरच्या राख्या उलट्या करत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"राखीले आठ दिवस हायेत," ती म्हणाली. "माहा भाऊ आला नाई, त यानंतर या घरात राखी नाई. तुमच्या बहिणीची पण नाई. सांगून ठेवते."

ती रागावून बोलली असती तर मीही रागावलो असतो. ती राख्या उलट्या करत करत बोलली. त्यातलीच एक, रंग न सुटलेली, तिने बाजूला काढून देव्हाऱ्यात ठेवली. नंतर आठ दिवस माझ्याशी ती भाजी, मीठ आणि गॅस सोडून कशावर बोलली नाही.

दोन दिवसांनी पाऊस आला आणि डिक्कीत पुन्हा पाणी. नवी रबरी गादी असूनही. इथे मला शंका यायला हवी होती की चूक दुसरीकडे आहे. मला आली ती मिस्त्रीची. मग मी स्वतःच कामाला लागलो. झाकणाभोवतीचं जुनं रबर काढून नवं बसवलं. मागच्या काचेच्या कडेला सिलिकॉनची नळी पिळली. स्टेपनी बाहेर काढली, खड्डा फडक्याने टिपला, खाली जुनी वर्तमानपत्रं पसरली, म्हणजे कुठलं पान आधी भिजतं ते कळेल. सगळी पानं सारखीच भिजली. गाडीत बसलं की कुबट वास यायचा आणि त्या वासाबरोबर मला प्रत्येक वेळी मेहुण्याचं "बरं" आठवायचं.

राखीच्या आदल्या दिवशी दुपारी तो आला. खांद्यावर हत्यारांची पिशवी होती. बायकोने धावत जाऊन दार उघडलं, त्याला बसायला सांगितलं, पाण्याचा तांब्या आणला. तो बसला नाही. तांब्याकडे त्याने पाहिलंही नाही.

"राखीले नाई आलो, ताई," तो म्हणाला. "गाडी पाह्याले आलो. आधी हे पाणी कुठून येऊन राह्यलं ते पाह्यतो. मंग तुह्या घरचं पाणी पितो, नाई त नाई पीत."

पाहुण्याने पाणी नाकारणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. जेवण नाकारलं तर पोट भरलेलं असू शकतं. पाणी नाकारलं की काही शिल्लक राहत नाही. बायको तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. मी म्हणालो, "पाह्य बा, तुले पाह्याचं त."

त्याने पंधरा मिनिटं गाडीभोवती नुसत्या फेऱ्या घातल्या, कशाला हात न लावता. मग मला विचारलं, "दुकानात तोंडाले लावाची पावडर हाय ना?" मी डबा आणून दिला. मागची डिक्की उघडून त्याने सगळं आतून कोरडं पुसलं आणि रबराच्या कडेने, दोन्ही लाइटांच्या पाठीशी, काचेखालच्या पट्टीवर पावडर भुरभुरली. जिथून थेंब येईल तिथे पांढऱ्यात ओघळ उमटेल, असा त्याचा बेत होता. पंपवाल्याचं डोकं. मला ते पटलं आणि पटलं म्हणून राग आला.

उजव्या लाइटापाशी पावडर टाकताना तो खाली मान घालूनच म्हणाला, "बल्ब गेलता याचा. दवाखान्यातून याले अंधार पडे, मागच्याले दिसे नाई. म्हून उघडला, नवा टाकला. सांगाची काय गोष्ट हाय त्यात."

 खरं असू शकेल, असं वाटलं. खोटंही असू शकेल, असंही वाटलं.

"आता एकानं आत बसा लागते," तो म्हणाला. "झाकण बंद करून वरून पाणी सोडू. आत बॅटरी घेऊन पाह्याचं, कुठून येते."

"मंग बस."

"मी नाई. तुमी बसा, भाऊजी. मी सांगतलं त तुमाले पटन का?"

 मी चप्पल काढली आणि पन्नाशीच्या वयात स्वतःच्या गाडीच्या डिक्कीत गुडघे पोटाशी घेऊन आडवा झालो. चावी त्याच्याकडे. "दम कोंडला त ठोका," असं म्हणून त्याने झाकण लावलं. खटका बसल्याचा आवाज झाला आणि अंधार झाला.

त्या अंधारात माझ्या मनात काय काय आलं, ते लिहायला लाज वाटते. हा आता मला इथेच ठेवून निघून गेला तर. बहीणभाऊ दोघं बाहेर हसत असतील तर. मग पाइपाचं पाणी झाकणावर पडू लागलं आणि पत्रा तडतडू लागला. मी बॅटरी लावली. उजवा लाइट पाहिला. पावडर कोरडी. डावा, कोरडा. रबराच्या कडेने सगळीकडे उजेड फिरवला, पांढरी रेघ जशीच्या तशी. काचेखाली काही नाही. मला वाटलं, पाणी नाहीच येत आहे, हा पाइप भलतीकडे धरून बसला असेल.

तेवढ्यात माझ्या कानावर थेंब पडला.

मी बॅटरी वर केली. डिक्कीत काही शोधायचं तर आपण झाकण उघडतो आणि खाली वाकतो. झाकण तोवर वर गेलेलं असतं, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. त्या झाकणाच्या आतल्या पत्र्याला बनवतानाच ठेवलेली मोठाली छिद्रं असतात. त्यांतल्या एकातून मला बाहेरच्या पत्र्याची पाठ दिसली. तिथे दोन टोकं बाहेर आली होती, गंजलेली, एकमेकांपासून चार बोटांवर. दोन स्क्रूंची टोकं. दोन्हींवर पाणी जमत होतं, पत्र्यावरून घरंगळत कुलपाच्या जागेशी येत होतं आणि तिथून एकेक थेंब माझ्या कानात.

ते स्क्रू मी ओळखले. मीच बसवून घेतले होते.

मेहुण्याने उन्हाळ्यात गाडी परत आणून दिली तेव्हा ती धुऊन-पुसून आणली होती. चावी देताना त्याने डिक्कीवर तळहात फिरवला आणि म्हणाला, "गाडी गुणाची हाय, भाऊजी. मनात भरली." एवढंच. मनात भरली हे शब्द मला रात्रभर टोचले. इकडे तेलुगू माणसं दिष्टी म्हणतात, आम्ही नजर म्हणतो, दुकानात मी त्याच्या काळ्या बाहुल्याही विकतो. दुसऱ्याच शनिवारी बाजारात एका म्हाताऱ्याकडून काळ्या घोड्याची नाल घेतली आणि तिथेच डिक्कीच्या झाकणावर, नंबरपाटीच्या वर, ड्रिलने दोन भोकं पाडून ती घट्ट बसवून घेतली. बायकोने विचारलं होतं, काऊन बसवली. मी म्हणालो होतो, जनाची नजर वाईट असते. तो जन कोण, ते मी सांगितलं नव्हतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझा कळसा तर डोक्यावर गळत होता.

"दिसलं का, भाऊजी?" बाहेरून त्याचा आवाज आला.

मी बोललो नाही. बॅटरीचा उजेड उजव्या लाइटावर गेला, पावडर कोरडी होती तिकडे. कानावरचा थेंब पुसून माझं बोट ओलं झालं होतं. त्या पावडरीत एक ओघळ ओढायला क्षणही लागला नसता. मिस्त्रीचं खरं ठरलं असतं, माझं खरं ठरलं असतं, मेहुण्याने स्वतःच्या हाताने तो लाइट पुन्हा नीट बसवून दिला असता आणि नालेचे स्क्रू मी मागाहून गुपचूप बुजवले असते. माझं बोट पावडरीपर्यंत गेलं. आयुष्यात मी सगळ्यांवर संशय घेतला, स्वतःवर घ्यावा असं कधी वाटलं नव्हतं. त्या डिक्कीत पहिल्यांदा वाटलं. पुढे मी काय केलं असतं ते मला आजही छातीठोक सांगता येत नाही, कारण तेवढ्यात त्याने झाकण उघडलं.

"बोलून नाई राह्यले म्हून घाबरलो," तो म्हणाला.

उजेडाने माझे डोळे दिपले. तो मला हात देऊन बाहेर काढत होता आणि बायको पाइप धरून उभी होती. मी त्याचा हात धरून बाहेर आलो आणि झाकणाच्या आत बोट दाखवलं. दुसरं काही जमलं नाही. तो वाकला, मान वर करून त्याने आत पाहिलं. मग झाकण खाली घेऊन बाहेरून पाहिलं. ओली नाल चमकत होती.

"ही नाल मी नेली तवा नवती," तो म्हणाला.

"नवती."

"कधी बसवली?"

बायको माझ्याकडे पाहत होती. खोटं बोलायला अजूनही जागा होती. पण कान ओला होता, बोट ओलं होतं, आणि मला स्वतःचा वीट आला होता.

"तू गाडी आणून दिली, त्याच्या दुसऱ्या शनवारी."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळलं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. राग असता तर सोसवला असता. तो एकदम पाहुण्यासारखा झाला. बायकोने पाइप खाली टाकला आणि नळ बंद करायला गेली, ती बराच वेळ आलीच नाही.

त्याने पिशवीतून पेचकस काढला, दोन्ही स्क्रू काढले, भोकांभोवतीचा गंज कागदाने घासला, आतून-बाहेरून सिलिकॉन भरलं आणि बोटाने सारखं केलं. काम तो मन लावून करत होता. मी बाजूला उभा राहून "माहं चुकलं" असं म्हणालो. नीट म्हणालो, दोनदा. त्याने मान हलवली. मग नाल फडक्याने पुसून माझ्या हातात दिली.

नंतर तो आत आला, हातपाय धुतले आणि तांब्यातलं पाणी प्याला. माझ्या बायकोने त्याला जेवायला वाढलं, ठेवून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देव्हाऱ्यातली ती एक राखी त्याच्या हातावर बांधली. स्वयंपाकघरातून हसणंही ऐकू आलं, नेहमीपेक्षा थोडं कमी. माझी बहीणही आली, तिनेही राखी बांधली. सगळं नेहमीसारखं झालं, असं कोणीही म्हटलं असतं. डिक्की तेव्हापासून कोरडी आहे. पुढे चार पाऊस झाले, वर्तमानपत्राचं एक पान भिजलं नाही.

राखीच्या दुपारी तो निघाला तेव्हा आभाळ भरून आलं होतं. मी गाडीची चावी त्याच्यापुढे धरली. म्हणालो, "पाऊस येऊन राह्यला. गाडी घेऊन जा. पुढच्या आठवड्यात आण सावकाश."

त्याने चावीकडे पाहिलं, मग गाडीकडे. हात पुढे केला नाही.

"नको, भाऊजी," तो हसून म्हणाला. "माही नजर लागन."

आणि पिशवी खांद्याला लावून तो बसस्टँडकडे चालू लागला. बायको फाटकात उभी राहून वळणापर्यंत त्याच्याकडे पाहत राहिली. मी चावी हातात घेऊन तिच्या मागे उभा होतो, आणि पाऊस सुरू झाला.